न पडलेली भिंत

बैठकीची भिंत रविवारी दुपारी पडली. सगळी पडली. खाली चिऱ्यांची एक ओळ उरली आणि तिच्यावर मांजर येऊन बसलं.

असं काही झालेलं नाही.

होडेकरांच्या घरात हे कायमचं ठरलं आहे, आणि एकदा ठरलं की त्या घरात पुरावा मागायची पद्धत नाही. शिवाय ग्रामपंचायतीत तसं लिहिलेलं आहे. खाली सही आहे, शिक्का आहे. शिक्का थोडा तिरका उमटलाय, पण भिंतीपेक्षा सरळ आहे. तेव्हा या प्रकरणात भिंत पडत नाही. वाचताना कुठे धुरळा आढळला तर तो पुसून पुढे जावं.

वेदिका पूर्णगडच्या एसटीतून मोहल्ल्याच्या फाट्यावर उतरली, तेव्हा तर भिंत उभीच होती. वेदिकाच्या खांद्याला एक लांब नळी होती, तीत घराचे नकाशे. कंडक्टरने रत्नागिरीपासून त्या नळीकडे संशयाने बघितलं होतं आणि पावसच्या थांब्यावर न राहवून विचारलं होतं, “ताई, बंदुकीचा लायसन हाय ना?” मुंबईला जाऊन इंटेरियरचा कोर्स करून आलेल्या वेदिकाने आजवर रत्नागिरीत एक ब्युटी पार्लर आणि एका दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम, एवढंच सजवलं होतं. अख्खं घर तिला पहिल्यांदाच मिळत होतं. या घरावर पुढची चार घरं मिळणार, किंवा वेटिंग रूममध्येच जन्म जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

“ये ये, बाय,” दारात अमरीनभाभी म्हणाली. “आमच्यात सगळे वाट बघतत. फुफीला सांगितलाय, इंटेरियरवाली येणार. तिना वाटतंय तू इंटर झालेली हायस.”

“मी ग्रॅज्युएट आहे.”

“ता नको सांगू. इंटरपर्यंत तिचा विश्वास हाय.”

बैठकीत अमरीनचा नवरा अयूब बसला होता. कुवेतहून रजेवर आला की तो पहिला आठवडा घराचं कौतुक करी आणि उरलेली रजा घर पाडायच्या गोष्टी. या वेळी मात्र कारण होतं. येत्या शुक्रवारी त्याच्या मुलीला, झाराला, बघायला बुरोंडीचे पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्या घरात म्हणे स्वयंपाकघर बैठकीतून दिसत होतं.

“ओपन किचन,” अयूब म्हणाला. “शुक्रवारच्या आत.”

“पाच दिवसांत?” वेदिका म्हणाली.

“कुवेतमध्ये पाच दिवसांत मॉल उभा करतत.”

“आणि सहाव्या दिवशी?” कोपऱ्यातून झुबेरने विचारलं. हा अयूबचा धाकटा भाऊ. तीन वर्षं तो दुबईला जायला निघालेला होता आणि अजून उंबऱ्याच्या आतच होता.

“तू गप. भिंत तेवढी काढू. बाकीचा मागाहून बघू.”

भिंतीपलीकडे कोणीतरी एकदाच खोकलं.

वेदिकाने इकडेतिकडे बघितलं. “आत कोणी आजारी आहे का?”

“नाय,” झुबेर म्हणाला. “ता ‘नको’ होता.”

इथे त्या भिंतीविषयी सांगायला हवं. बैठक आणि रांधणखोली यांच्यामधली ती चिऱ्याची भिंत मातीत बांधलेली, माणसाहून थोडी उंच, आढ्यापर्यंत न पोचलेली. छप्पर लाकडी खांबांवर; भिंतीचा छपराशी संबंध नुसता शेजाराचा. मधोमध एक खिडकी, चहाचा ट्रे आडवा जाईल एवढी. आणि खिडकीच्या आत, स्टुलावर, हातात अडकित्ता घेऊन खतिजाफुफी.

भिंतीला कान असतात म्हणतात. होडेकरांच्या भिंतीला एकच होता, पण तो फुफीचा होता.

फुफी म्हणजे अयूबच्या अब्बांची धाकटी बहीण. तिचा नवरा जहाजावर गेला, जहाज परत आलं, नवरा आला नाही. भावाच्या घरी परतली तेव्हा तिला बसायला ही जागा मिळाली, आणि तिथूनच तिने अख्खं घर चालवलं. एक खोकला म्हणजे नको. दोन खोकले म्हणजे चहा टाका, हा माणूस लवकर उठणारा नाही. अजिबात खोकला नाही म्हणजे पसंत. आंब्याचे सौदे, होडीची विक्री, मशिदीच्या कमिटीतली भांडणं, सगळं या तीन नियमांवर झालं. अमरीनचं लग्न ठरलं त्या दिवशी फुफीला सर्दी झाली असती, तर अमरीन आज दुसऱ्याच कुणाच्या घरात कांदा चिरत असती. अब्बा वारले, घरपत्रकावर अब्बांच्या जागी मुलं आली, पण दुसरं नाव खतिजाचं होतं ते राहिलं. म्हणून भिंत काढायची तर ग्रामपंचायतीला तिची सही हवी होती.

अयूबने कागद खिडकीतून आत सरकवला.

“फुफी, हितं सही कर.”

“काय हाय?”

“ना हरकत.”

अडकित्ता थांबला. “काय नाय?”

“हरकत. हरकत नाय असा लिहून द्यायचा.”

“कोणाची?”

“तुजी.”

“माजी हरकत नाय?” आतला आवाज शांत होता, आणि ते वाईट लक्षण होतं. “अरे अयूब, माजे हात चालतत, पाय चालतत, जीब तर तूच बोलतंस थांबत नाय. आणि माजी हरकत नाय असा मी जितेपणी लिहून देऊ? ता मयताला लिहितत.”

“तसा नाय गं...”

“‘हरकतमें बरकत’ बोलायचे तुजे अब्बा. हरकत नाय, हालचाल नाय, तर बरकत कुठची? घरावर तसा लिहून लावायचा हाय तुना? आणि लावलास तरी खोटा. ह्या घरात हरकती नाय? झुबेर कुठं राहतो मग?”

“माजा काय मध्येच?” झुबेर म्हणाला.

वेदिकाला वाटलं आपण शिकलेलो आहोत, आपण मध्ये पडावं. शिकलेल्या माणसांना असं वाटतं. “फुफी, सरकारी भाषेत हरकत म्हणजे आक्षेप.”

“आक्षेप म्हणजे?”

“तक्रार. तुमची काही तक्रार नाही, एवढंच लिहायचंय.”

आत अडकित्ता एकदा वाजला. मग फुफी म्हणाली, “ता तर आणखीनच खोटा, बाय.”

वेदिका खिडकीशी वाकली. आत अंधारात तिला चष्म्याची एक काच दिसली आणि काचेमागे एक डोळा, अगदी ताजा आणि कामावर असलेला. तिने नळीतून नकाशा काढून काचेसमोर धरला. निळ्या रेघा, गोल टेबल, उंच खुर्च्या, टांगलेले दिवे.

“छान हाय,” डोळा म्हणाला. “ह्यात मी कुठं हाय?”

“इथे सगळं मोकळं आहे. तुम्ही कुठेही बसू शकता.”

“कुठंयपण म्हणजे कुठंच नाय,” फुफी म्हणाली, आणि कागद जसा आत गेला होता तसा बाहेर आला. कोरा. त्यावर सुपारीचे दोन तुकडे होते, ते पाहुणीला.

वेदिकाने सुपारी खाल्ली आणि नकाशाकडे बघितलं. तिने त्यात फ्रीज दाखवला होता, फुलदाणी दाखवली होती, एक मांजरसुद्धा कौतुकाने काढलं होतं. माणूस एकही नव्हतं.

जेवणं झाली आणि तह सुरू झाले.

अयूबने झुबेरला पडवीत नेलं. “तू फुफीचा लाडका. तू सांग तिना. सही झाली तर तुज्या दुबईचा मी बघतो.”

झुबेर मागच्या दाराने आत गेला आणि फुफीच्या स्टुलाशी बसला. “फुफी, अयूबभाई बोलतोय तुना पटवायचा. मी काय पटवीत नाय. पण सही केलीस तर तो माजा दुबईचा बघणार.”

“तू जाणार दुबईला?”

“नाय. पण बघू देत ना.”

“मग मी सही करीत नाय. तुज्या दुबईचा वायदा तसाच शिल्लक ऱ्हाईल.”

झुबेरला हे पटलं. तो बैठकीत परतला तेव्हा फुफीच्या बाजूचा होता. हे बघून अमरीन, जी सकाळपासून नवऱ्याच्या बाजूची होती, ती चुलीपाशी जाऊन हळूच म्हणाली, “फुफी, मी वरवर त्यांच्या बाजूला हाय. मनातून तुमच्या. पण भिंत गेली तर मना हितून टीव्ही दिसेल, तेवढ्यापुरती मी त्यांच्या.”

“म्हंजे तू टीव्हीच्या बाजूची,” फुफी म्हणाली.

झाराला कोणीच विचारलं नाही. तिच्याच पाहुण्यांसाठी चाललं होतं, म्हणून तिला विचारायचं कारण नव्हतं.

आता एक गोष्ट, जी त्या वेळी बैठकीत कोणालाच पूर्ण ठाऊक नव्हती. अयूबने पाठवलेला मोठा फ्रीज दोन वर्षं बैठकीतच उभा होता, कारण रांधणखोलीचं दार त्याला अरुंद पडे. तर भिंतीच्या कडेने तो आत सरकेल का हे बघायला झुबेरने मागच्याच महिन्यात खालचा एक चिरा काढून परत नुसता टेकवून ठेवला होता. अमरीनने, मालिकेतली निदान बोलणाऱ्याची मान तरी दिसावी म्हणून, डाव्या अंगाची माती उलथन्याने कोरली होती. झाराने बैठकीतला फोन आत ओढता यावा म्हणून वायरीपुरतं भोक पाडलं होतं, आणि त्या भोकातून ती कधीपासून बुरोंडीला फोन करीत होती. अयूबने आल्या आल्या दोन रात्री, ‘नुसता बघतोय कसा बांधलाय,’ म्हणत वरचे चिरे हलवून ठेवले होते. आणि खुद्द फुफी. तिला हल्ली उजव्या कानाने कमी ऐकू येई. खिडकीच्या खालची माती ती अडकित्त्याच्या टोकाने रोज थोडी थोडी उकरीत असे, आवाज यायला वाट मोठी व्हावी म्हणून.

त्या घरात हरकत नाही असं लिहून देणं खरोखरच खोटं झालं असतं.

“त्यांना चित्र नीट दिसलंच नाही,” वेदिका अयूबला म्हणाली. “मी इथे भिंतीवर लावते. बाहेर येऊन बघतील तेव्हा बघतील.” तिने पिशवीतून खिळा काढला, छोटी हातोडी काढली, आणि ओपन किचनचा नकाशा भिंतीवर ठोकला. एकच ठोका. मागे येऊन मान तिरकी करून बघितलं.

“डावीकडे वाकडं झालंय का?”

“चित्र नाय,” झुबेर म्हणाला. “भिंत.”

नकाशात त्या जागी भिंत नव्हती. भिंतीने नकाशा वाचला असावा. आधी ती वेदिकाला नमस्कार केल्यासारखी किंचित झुकली, मग गुडघ्यातून बसली, आणि मग

तर, आधी ठरल्याप्रमाणे, काही झालं नाही.

धुरळा जरा खाली आला तेव्हा अयूब, अमरीन, झारा, झुबेर आणि वेदिका बैठकीच्या एका टोकाला फ्रीजला चिकटून उभे होते. समोर, जिथे आतापर्यंत खिडकी होती त्याच्या बरोब्बर मागे, स्टुलावर फुफी बसली होती. ओढणीवर लाल माती. हातात अडकित्ता. अडकित्त्यात अर्धी सुपारी.

“लागला काय, फुफी?” अयूब ओरडला.

“मना काय लागणार? भिंत तुमच्याकडे पडली.”

मग सगळे तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं फुफी जेवणाला, नमाजाला, अंगणात, सगळीकडे सगळ्यांना दिसतच होती. पण खिडकीमागची फुफी ही वेगळी बाब होती, आणि ती अशी उघड्यावर कोणी बघितली नव्हती. ती छोटी होती. स्टुलावर पाय जमिनीला टेकत नव्हते.

फुफीनेही बघितलं. ज्या बैठकीला ती आवाजाने ओळखत होती ती आता तिला अख्खी दिसत होती. वाद घालताना अयूब पंख्याकडे बघतो, हे तिला आज कळलं. झुबेर खोटं बोलायच्या आधी उजवं कोपर खाजवतो. हे आधी कळलं असतं तर किती खोकले वाचले असते. पण आता तीही त्यांना दिसत होती. भिंतीआडून आलेला खोकला हा हुकूम होता. समोर बसलेल्या म्हातारीचा खोकला म्हणजे तिला काढा द्या, शाल द्या, आत नेऊन निजवा. दिसणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

तिने ओढणी पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठे तोंड करून बसावं ते सुचेना.

“आता सही तरी कशाला लागते?” अयूब हलकेच म्हणाला. आनंद लपवायची त्याला सवय नव्हती. “काम तर झाला.”

“झाला?” झुबेर म्हणाला. “भाई, परवानगीच्या आधी पाडली म्हंजे नोटीस. काम बंद. माती हाय तशी, चिरे हायत तसे. शुक्रवारी पाहुणे आले की चिऱ्यांवर बसवा.”

“पण कळणार कोणाला?”

झुबेरने उजवं कोपर खाजवलं, मग ठरवून थांबवलं आणि खरं बोलला. “काशीरामभाऊंना. मी बोलवलाय. जागा बघायला.”

“रविवारी?”

“सुरमय सांगितलीय ना.”

ग्रामसेवक काशीराम रविवारी सरकारी काम करीत नसत. पण सुरमई असली तर ते काम सरकारी राहत नसे. त्यांची लुना घाटीवरून खाली उतरताना सगळ्या मोहल्ल्याला ऐकू येई. ती आता ऐकू येत होती.

पुढचं जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. चिरे बाहेर न्यायला वेळ नव्हता, म्हणून ते बैठकीतच लांबट रचले आणि त्यावर कुवेतचं जाड ब्लँकेट टाकलं, वाघाच्या चित्राचं. झाराने अंगावरची माती झटकून चहा टाकला, कारण पाहुणा आला की चहा टाकायचा, भिंत असो नसो. अयूब म्हणाला, चादर बांधू या. चादर सापडेपर्यंत काशीराम पायरीवर चपला काढीत होते.

“सलाम अयूबशेट! कधी आलात?” म्हणत ते आत आले आणि ब्लँकेटवर बसले. म्हणजे जिची पाहणी करायला आले होते तिच्यावरच बसले. “कडक आहे हो कोच. कुवेतचा का?”

“नाय, हितलाच,” झुबेर म्हणाला.

काशीरामांनी वर बघितलं, आणि त्यांना सगळं घर दिसलं: चूल, हंडे, मागचं दार, दारापलीकडचा फणस, आणि मधोमध स्टुलावर एक वयस्क बाई. आता, काशीराम या घरी खूप वर्षं येत होते. खिडकीतून आलेला चहा त्यांनी खूप वेळा घेतला होता. खिडकीमागची चाची, म्हणजे फुफी, त्यांनी कधी बघितली नव्हती, कारण ते बघायचं नसतं. त्यामुळे ती दिसताच त्यांचे डोळे सवयीने खाली गेले, आणि तोंडातून सवयीचंच वाक्य बाहेर पडलं. खिडकी जिथे होती त्या हवेकडे बोट करून त्यांनी विचारलं:

“चाची आत आहेत का?”

चाची त्यांच्यापासून चार हातांवर होती.

वेदिकाने श्वास रोखला. अयूबने पंख्याकडे बघितलं. अमरीनने तोंडात ओढणीचं टोक कोंबलं. फुफीने काशीरामांकडे टक लावून बघितलं. इतकी वर्षं आवाजावरून तिने एक गोल, पोट सुटलेला माणूस धरून ठेवला होता. समोर एक काटकुळा बसला होता, एका पायातला मोजा फाटलेला. तिला त्याची एकदम दया आली. आणि त्याच वेळी तिला कळलं की त्याचे डोळे अजून जमिनीवर आहेत. म्हणजे भिंत पडली असेल, पण काशीरामाच्या बाजूने नाही.

ती दोनदा खोकली.

“आहेत,” काशीराम समाधानाने म्हणाले.

झारा चहा घेऊन पुढे आली. आली ती नेहमीच्या जागी, फुफीच्या उजव्या हाताला. वाकली, आणि बशी बरोबर त्या उंचीवर, त्या अंतरावर हवेत धरली. काशीरामांनी उठून ती हवेतूनच घेतली. घेताना त्यांनी डोकंही किंचित वाकवलं, चौकटीला लागू नये म्हणून.

इथपर्यंत सवय होती. दुसऱ्या घोटाला त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बुडाखालचं ब्लँकेट चाचपलं, पायाशी लाल मातीत उमटलेले आपलेच पाय बघितले. मनात त्यांना गेल्या वर्षीची एक पडलेली भिंत आठवली. त्या भिंतीचा पंचनामा त्यांनी केला होता. तो कागद तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून ‘भिंत कोणत्या दिशेला पडली ते नमूद नाही’ म्हणून परत आला; आणि पुन्हा बघायला गेले तोवर मालकाने त्या जागी कोंबड्यांचा खुराडा बांधला होता. तो पत्रव्यवहार अजून चालू होता. त्यात आता कोंबड्याही आल्या होत्या.

त्यांनी चहा संपवला. कागद काढला, पेन काढलं.

“तर ही ती भिंत,” ते हवेकडे बघून म्हणाले.

“हीच,” अयूब म्हणाला.

“जुनी दिसते.”

“अब्बांच्या वेळची.”

“तडेबिडे?”

सगळ्यांनी हवेकडे निरखून बघितलं.

“एकपण नाय,” झुबेर अगदी खरं बोलला.

काशीरामांनी पेनाच्या टोकाने ठोकून बघायला हात पुढे केला. बैठकीत कोणी हललं नाही. हात अर्ध्यावर थांबला, मागे आला. “राहू दे,” ते म्हणाले. “रंग जायचा.” मग लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: “सदर भिंत जागेवर असून... सुस्थितीत आहे. सबब... दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही.”

“म्हणजे?” अयूब म्हणाला.

“म्हणजे परवानगी नाही मिळणार, अयूबशेट. चांगली धडधाकट भिंत कशाला काढायची? हात लावू नका तिला.”

“पण काशीरामभाऊ, तुमी...” अयूब उठला आणि हात पसरून त्या मोकळ्या जागेत मधोमध उभा राहिला. “तुमी बघा तरी!”

काशीरामांनी डोळे बंद केले. “अयूबशेट,” ते कळवळून म्हणाले, “भिंतीत उभे नका राहू हो.”

अयूबने फुफीकडे बघितलं. ती ओढणीआड हसत होती का ते सांगता येणार नाही. मध्ये भिंत होती.

“आणि चाचींचं ना हरकत?” वेदिकाने विचारलं. तिला आतापर्यंत मजा वाटू लागली होती, आणि ते तिच्या धंद्याला बरं की वाईट हे ठरवायला ती थांबली नाही.

“आता कशाला? काही होतच नाहीये, तर हरकत कसली?”

आतून एक खोकला आला. ठणठणीत.

“हरकत हाय,” फुफी म्हणाली. “लिहून घ्या.”

“तसा रकाना नाही, चाची.”

“मग काढा एक.”

काशीरामांना सुरमई खायला घातली. त्यांनी तीही हवेतून घेतली.

ते गेल्यावर अयूब तरातरा रांधणखोलीकडे निघाला. त्याला पाणी हवं होतं, किंवा भांडण.

“कुठून येतंस?” फुफीने विचारलं.

“समोरून.”

“समोर भिंत हाय. सरकारचा कागद हाय. दारातून ये.”

“फुफी!”

“दारातून.”

अयूब तिथेच उभा राहिला. त्याने डावीकडे बघितलं, अमरीन मान खाली घालून तांदूळ निवडीत होती. उजवीकडे बघितलं, झुबेर कोपर न खाजवता उभा होता. म्हणजे सगळे एका बाजूला होते, आणि तो भिंतीच्या दुसऱ्या. तो मागे वळला, पडवीतून बाहेर गेला, घराला वळसा घातला, मागच्या दाराने आत आला आणि पाणी प्यायला.

वेदिकाने खडू काढला आणि चिऱ्यांच्या उरलेल्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. मग आपल्या फाटलेल्या नकाशात एक स्टूल काढलं. स्टुलावर, पहिल्यांदाच, एक माणूस. “पाय टेकायला खाली फळी बसवून देते,” ती म्हणाली. “त्याला परवानगी लागत नाही.”

“इंटर झालेल्यांत तू बरी हायस,” फुफी म्हणाली.

शुक्रवारी बुरोंडीचे पाहुणे आले. मुलाची आई भाबडेपणाने सरळ चुलीकडे निघाली, तेव्हा झारा पटकन म्हणाली, “चाची, भिंत!” ती बाई जागच्या जागी थबकली, इकडेतिकडे बघितलं, आणि पडवीतून वळसा घालून दाराने आत आली. आत येऊन फुफीला सलाम केला. मुलगा बैठकीत बसून खूप बोलला; त्याचा आवाज झाराला आधीपासून पाठ होता. घरातले सगळे कान लावून होते, पण आतून काही आलं नाही.

खोकला नाही म्हणजे पसंत. त्या दिवशी बैठकीत नवीनच होतं एवढंच, की तो न आलेला खोकला सगळ्यांना दिसला. फुफीने ओठ मिटून धरले होते, पाय फळीवर टेकले होते, आणि डोळ्यांना ओढणी लावली होती.

पाहुणे गेल्यावर तिने झाराला कागद-पेन आणायला सांगितलं. “सासरी जाण्याच्या आधी एवढा लिहून दे,” म्हणाली. झाराने लिहिलं, शाळेत शिकवलं होतं त्या पद्धतीने, समास सोडून:

‘प्रति, मा. ग्रामसेवक साहेब यांस. विषय: हरकत असल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खतिजा होडेकर सविनय कळविते की, आमच्या राहत्या घरातील भिंत पडलेली नाही हे आपण स्वतः बसून पाहिलेच आहे. त्याच भिंतीतील खिडकीही पडलेली नाही. सदर खिडकीमागे अर्जदार हिचे बसणे पूर्वापार चालू असून ते तिच्या हयातीत व हयातीनंतरही तसेच चालू ठेवण्यास परवानगी असावी, व तिच्यामागे खोकण्यास घरातील कोणाही इसमास मनाई असावी. तसेच सदर घरात हरकत आहे व पुढेही राहील, असा दाखला तिरका न उमटलेल्या शिक्क्यानिशी मिळावा. मुलगी सासरी गेल्यावर व मुलगे परदेशी गेल्यावर घरातील हरकत कमी पडल्यास, शासनाने आपल्याकडील शिल्लक हरकतीतून दरमहा पुरवठा करावा, ही नम्र विनंती.’